गाडी सिग्नलला तापते आणि हायवेला नॉर्मल होते? मग इंजिन उघडण्याआधी फॅनचा रिले बघा

मे महिन्याची दुपार, सलग तीन दिवसांची सुट्टी आणि खंडाळ्याचा घाट. एक्सप्रेसवेवर गाड्यांची ही लांब रांग. एसी सुरू, गाणी सुरू, मागच्या सीटवर पोरांचं वेफर्स खाणं सुरू. तेवढ्यात एसीची हवा कोमट लागायला लागते. आपल्याला वाटतं गॅस कमी झाला असेल. पाच मिनिटांनी लक्ष जातं, तर टेम्परेचरचा काटा मधली जागा सोडून लाल पट्ट्याकडे निघालेला असतो.

घाटात कडेला बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आपण सगळ्यांनीच पाहिल्यात. त्यातल्या काहींचं इंजिन ठणठणीत असतं, रेडिएटर चांगला असतो, कूलंटही भरलेलं असतं. फक्त रेडिएटरचा फॅन फिरत नसतो. आणि कित्येकदा तर फॅनसुद्धा चांगलाच असतो. गेलेली असते ती काडेपेटीहून लहान असलेली एक काळी डबी. तिचं नाव रिले.

अशी गाडी गॅरेजला नेली की साधारण दोन उत्तरं मिळतात. पहिलं, "फॅन मोटर गेली, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल." दुसरं, "टेन्शन नका घेऊ, डायरेक्ट करून देतो." पहिल्यात विनाकारण हजारो रुपये जाऊ शकतात. दुसऱ्यात आजचं काम होतं, पण पुढचं मोठं दुखणं गाडीत बसवलं जातं. म्हणून फॅन कसा चालतो, तो का बंद पडतो आणि नेमकं काय गेलंय हे कसं ओळखायचं, ते नीट समजून घेऊ.

आधी बेसिक, फॅन लागतोच कशाला?

इंजिनात पेट्रोल जळतं तेव्हा तयार होणाऱ्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग कूलंटला बाहेर वाहून न्यावा लागतो. कूलंट इंजिनातून गरम होऊन रेडिएटरमध्ये येतं, तिथे हवेने थंड होतं आणि परत इंजिनात जातं.

आता ही हवा येते कुठून? गाडी ८० च्या स्पीडने पळत असेल तर समोरच्या जाळीतून वारा आपोआप आत घुसतो. तेव्हा फॅनची फारशी गरजच नसते. पण सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये किंवा घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी रांगत असेल, तर वारा नाही आणि इंजिन मात्र राबतंय. अशा वेळी रेडिएटरवर हवा ओढायचं काम फॅनला करावं लागतं.

जुन्या गाड्यांत हा फॅन इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत तसाच होता. इंजिन सुरू की फॅन सुरू. मग डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिचं इंजिन आडवं बसवलेलं होतं. इंजिन आडवं बसलं की त्याच्या पट्ट्यावरचा फॅन रेडिएटरच्या समोर येतच नाही. म्हणून अशा गाड्यांत विजेवर चालणारा फॅन आला, जो गरज असेल तेव्हाच फिरतो. आजच्या बहुतेक कारमध्ये हाच असतो. केटीएम ड्यूक किंवा यामाहा आर१५ सारख्या लिक्विड कूल्ड बाईकलाही असा फॅन असतो.

"गरज असेल तेव्हाच" म्हटलं की एक प्रश्न येतो. गरज आहे हे ठरवणार कोण?

फॅनला ऑर्डर कोण देतं?

इंजिनावर कूलंटचा टेम्परेचर सेन्सर असतो. तो गाडीच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, कूलंट किती तापलंय ते सांगत राहतो. बऱ्याच गाड्यांत कूलंट ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचलं की ईसीयू फॅन सुरू करायला सांगतो आणि थोडं थंड झालं की बंद करायला सांगतो. एसी लावला तरी फॅन सुरू होतो, कारण एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो आणि त्यालाही हवा लागते.

पण इथे एक अडचण आहे. फॅनची मोटर साधारण १० ते २५ अँपिअर करंट खाते, सुरू होतानाच्या क्षणी त्याहून जास्त. एवढा करंट ईसीयूच्या नाजूक सर्किटमधून सोडला तर ते जळून जाईल. म्हणून मध्ये एक मध्यस्थ बसवतात. तोच रिले.

रिलेच्या आत तारेची एक गुंडाळी, म्हणजे कॉइल असते. ईसीयू त्या कॉइलला पाव अँपिअरपेक्षाही कमी करंट देतो. कॉइलचं चुंबक होतं, ते आतली पत्ती ओढतं, "टिक" असा आवाज येतो आणि बॅटरीकडून फॅनकडे जाणारा मोठा रस्ता जोडला जातो. लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करायचा, एवढंच त्याचं काम.

ही युक्ती बरीच जुनी आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास ती वापरली आणि पुढे तारायंत्रात ती कामाला आली. नाव तर त्याहून जुनं आहे. लांबच्या प्रवासात टप्प्याटप्प्यावर थकलेले घोडे बदलून ताजे घोडे जुंपायचे, त्या व्यवस्थेला युरोपात रिले म्हणत.

थोडक्यात साखळी अशी आहे: सेन्सर, ईसीयू, रिले, मोटर. आणि मोटरला जाणाऱ्या लाइनवर फ्यूज. यातली एक कडी तुटली तरी फॅन बंद. गॅरेजमध्ये मात्र बऱ्याचदा शेवटची आणि सगळ्यात महागडी कडीच आधी बदलली जाते.

लक्षणं बघून अर्धं काम होतं

बोनेट उघडण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा, गाडी नक्की कधी तापते?

ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, तर संशय फॅनवर. याच्या उलट, हायवेला वेगात असताना तापत असेल तर फॅनचा दोष सहसा नसतो. तिथे कूलंट कमी असणं, थर्मोस्टॅट अडकणं, वॉटर पंप जाणं किंवा रेडिएटर चोंदणं अशी कारणं शोधावी लागतात.

दुसरी खूण त्याहूनही आधी दिसते. सिग्नलला एसी गार हवा देत नाही आणि गाडी पळायला लागली की परत गार हवा येते, असं होत असेल तर गॅस भरायच्या आधी फॅन बघा. काटा वर चढायच्या आधी गाडीने दिलेला हा इशारा असतो.

आजकाल अनेक गाड्यांत काटाच नसतो, फक्त दिवा असतो. निळा म्हणजे इंजिन अजून थंड, लाल म्हणजे जास्त तापलंय. लाल दिवा लागला की "पुढच्या पंपावर बघू" म्हणायला वेळ उरलेला नसतो. अशा गाडीत एसीवाली खूण जास्तच महत्त्वाची.

आता तपासायचं कसं? एक एक पायरी

आधी तीन सूचना. एक, हे सगळं गाडी थंड असताना करायचं. दोन, फॅन अचानक सुरू होऊ शकतो, काही गाड्यांत तर इंजिन बंद असतानाही. त्यामुळे बोटं, ओढणी, टाय, मोकळे केस त्याच्यापासून लांब ठेवा. तीन, हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर नारिंगी रंगाच्या जाड वायरींना अजिबात हात लावायचा नाही, तिथे काम कंपनीच्या माणसाचंच.

पायरी १: एसी लावून बघा. इंजिन सुरू करा, एसी फुल करा आणि बोनेटजवळ उभं राहून ऐका. फॅन फिरला तर मोटर, फ्यूज आणि वायरिंग बहुतेक ठीक आहे. मग एसीवर फिरणारा फॅन गाडी तापल्यावर का फिरत नाही, तर संशय सेन्सरवर किंवा त्याच्या कनेक्टरवर. एसीवरही फिरला नाही तर पुढे चला. फक्त एक लक्षात घ्या, एसीचा गॅसच संपलेला असेल तर काही गाड्यांत फॅन सुरू होत नाही.

पायरी २: फ्यूज बघा. बोनेटखालच्या फ्यूज बॉक्सच्या झाकणावर आतल्या बाजूने नकाशा छापलेला असतो. त्यात रेडिएटर फॅनचा फ्यूज शोधा, बऱ्याच गाड्यांत तो ३० किंवा ४० अँपिअरचा असतो. चावी बंद करून तो काढा. आतली पट्टी तुटली असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा लावा. जास्त अँपिअरचा लावायचा नाही, तार तर नाहीच नाही. नवा फ्यूजही लगेच उडाला तर मोटर जाम आहे किंवा वायर कुठेतरी शॉर्ट होतेय.

पायरी ३: रिलेची टिक ऐका. रिलेवर बोट ठेवा आणि दुसऱ्या माणसाला एसी चालू-बंद करायला सांगा. टिक जाणवली नाही तर रिलेची कॉइल गेली आहे किंवा ऑर्डरच पोचत नाही. टिक जाणवते पण फॅन फिरत नाही, तर आतले कॉन्टॅक्ट जळालेले असू शकतात. रिले वाजला म्हणजे चांगला आहे, ही इथली सगळ्यात मोठी गैरसमजूत. दाराची कडी वाजते, पण दार उघडतंच असं नाही.

पायरी ४: रिले बदलून बघा. यासाठी मीटर लागत नाही. त्याच बॉक्समध्ये बहुतेक वेळा तसाच दुसरा रिले असतो, उदाहरणार्थ हॉर्नचा. डबीवरचा नंबर, पायांची संख्या आणि अँपिअर हे तिन्ही जुळत असेल तरच तो फॅनच्या जागी लावा. फॅन फिरायला लागला? सापडला चोर. नवा रिले काही शे रुपयांत येतो. अदलाबदल चावी बंद ठेवून करायची आणि तोवर हॉर्न वाजणार नाही हे डोक्यात ठेवायचं.

पायरी ५: मल्टिमीटर असेल तर. बऱ्याच रिलेच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ८५ आणि ८६ कॉइलचे, ३० बॅटरीकडून येणारा, ८७ फॅनकडे जाणारा. काही जपानी आणि कोरियन गाड्यांत आकडे वेगळे असतात, पण डबीवर छोटी आकृती छापलेली असते. रिले काढून ८५-८६ मध्ये रेझिस्टन्स मोजा. साधारण ५० ते १२० ओहम दाखवला तर कॉइल ठीक. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. मग सॉकेटमधल्या ३० नंबरच्या घरात १२ व्होल्ट येतात का बघा, काही गाड्यांत ते चावी चालू केल्यावरच येतात. येत नसतील तर दोष रिलेच्या आधीच आहे. शेवटी इंजिन सुरू करून एसी लावा आणि सॉकेटच्या ८५-८६ मध्ये व्होल्टेज बघा. १२ च्या आसपास आलं तर ईसीयू ऑर्डर देतोय, म्हणजे तो निर्दोष.

पायरी ६: राहिली मोटर. मोटरचा कनेक्टर काढून बघा. प्लास्टिक वितळलेलं, पिन काळी किंवा हिरवी पडलेली दिसली तर तिथेच अडलंय. बॉडीला लावलेली अर्थिंगची वायरही बघा. कोकणात आणि समुद्रकाठच्या गाड्यांत ती गंजून फॅन बंद पडण्याचा त्रास नेहमीचा. सगळं ठीक असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून मोटरला फ्यूज लावलेल्या वायरने थेट बॅटरीचा सप्लाय देऊन बघा. फिरली तर मोटर चांगली. फिरत नाही, पण स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक केल्यावर फिरते, तर आतले कार्बन झिजलेत. अशी मोटर आज चालेल, उद्या परत घाटात दगा देईल.

इथे दोन अपवाद. काही गाड्यांत फॅन कमी आणि जास्त अशा दोन स्पीडवर चालतो. त्यात कमी स्पीडचा रेझिस्टर जळाला तर फॅन गाडी खूप तापल्यावरच एकदम जोरात सुरू होतो. आणि बऱ्याच नव्या गाड्यांत साध्या रिलेऐवजी फॅनचा वेगळा कंट्रोल मॉड्यूल असतो. तिथे वरच्या रिलेच्या पायऱ्या लागू होत नाहीत, स्कॅनर लावावा लागतो. स्कॅनरवर पी०४८० हा कोड दिसला तर दोष फॅनच्या कंट्रोल सर्किटमध्ये, पी०११७ किंवा पी०११८ दिसला तर टेम्परेचर सेन्सरच्या सर्किटमध्ये. कोड आला म्हणजे तो पार्ट गेलाच असं नाही, पण कुठे बघायचं ते कळतं.

नवा रिलेही दोन महिन्यांत गेला, असं का?

कारण रिले आजारी नव्हता, मोटर आजारी होती. मोटरचं बेअरिंग घट्ट झालं की ती जास्त करंट ओढते. तो करंट रिलेच्या कॉन्टॅक्टमधून जातो, ते तापतात, जळतात. कनेक्टर वितळणं हीसुद्धा त्याचीच खूण. त्यामुळे रिले वारंवार जात असेल तर मोटर किती अँपिअर घेतेय ते क्लॅम्प मीटरने मोजायला सांगा. तेव्हा मात्र मोटर बदलणं हा विनाकारण खर्च नाही.

आणि फॅन बंदच होत नसेल तर?

गाडी बंद केल्यावर काही मिनिटं फॅन फिरत राहणं अनेक गाड्यांत नॉर्मल आहे. पण रात्री पार्क केलेली गाडी सकाळी बॅटरी डाऊन होऊन सापडली, तर रिलेचे कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटलेले असू शकतात. फिरणाऱ्या फॅनचा रिले उपसून काढा आणि तसाच दुसरा लावा. फॅन गप्प राहिला तर जुना रिले चिकटला होता. परत फिरायला लागला तर ऑर्डरच चुकीची येतेय. सेन्सर बिघडला तर अनेक गाड्यांत ईसीयू सुरक्षेसाठी फॅन फुल स्पीडला ठेवतो.

मग "डायरेक्ट" करण्यात वाईट काय?

डायरेक्ट करणं म्हणजे सेन्सर आणि ईसीयूला बाजूला ठेवून फॅनला सरळ चावीच्या लाइनवर जोडणं. चावी चालू की फॅन चालू. भर रस्त्यात अडकलेल्या माणसाला घरी पोचवण्यासाठी हे ठीक आहे, मेकॅनिकचं त्यात कौतुकच. पण तेच कायमचं राहिलं तर?

एक, फॅन गरज नसताना दिवसभर फिरतो, मोटरचे कार्बन लवकर झिजतात आणि अल्टरनेटरवर भार वाढतो. दोन, बऱ्याचदा ही वायर बारीक असते, तिच्यात फ्यूज नसतो, रिले नसतो. २० अँपिअर करंट बारीक वायरीतून सतत जायला लागला की वायर तापते, इन्सुलेशन वितळतं, आणि तिथून आग लागू शकते. तीन, मूळ दोष तसाच राहतो आणि पुढच्या मेकॅनिकला तो शोधायला दुप्पट वेळ लागतो.

डायरेक्ट करावंच लागलं तर मेकॅनिकला सांगा, "जाड वायर, फ्यूज आणि रिले घालूनच करा." आणि आठवड्याभरात मूळ काम करून घ्या.

वाटेतच काटा चढला तर काय करायचं?

काटा मधून वर निघालाय पण लाल पट्ट्यात गेला नाही, तर एसी बंद करा, हीटर आणि ब्लोअर फुल करा. उन्हाळ्यात घाम फुटेल, पण हीटर इंजिनातली उष्णता ओढून आत केबिनमध्ये आणतो. मग जमेल तितक्या लवकर सुरक्षित जागी थांबा.

काटा लाल पट्ट्यात गेला किंवा लाल दिवा लागला, तर कडेला घेऊन इंजिन बंद. रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडायचं नाही. आतलं कूलंट दाबाखाली असतं, त्यामुळे १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि ते उकळून अंगावर उडतं. तोंड आणि हात भाजतात ते असेच. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणंही टाळा, धातूला तडा जाऊ शकतो. निदान अर्धा-पाऊण तास थांबा.

थंड झाल्यावर कूलंट पूर्ण असेल, दोष फॅनचाच असेल आणि रस्ता मोकळा असेल, तर एसी बंद ठेवून काट्यावर नजर ठेवत जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. समोर जाम असेल तर टो करून नेणं स्वस्त पडतं. कारण तापलेलं इंजिन तसंच रेटलं तर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, हेड गॅस्केट उडतं, कूलंट आणि ऑइल एकमेकांत मिसळतं. काही शे रुपयांच्या रिलेपासून सुरू झालेली गोष्ट मग इंजिन खोलण्यापर्यंत जाते.

म्हणून एक सवय लावून घ्या. महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाला निघायच्या आदल्या दिवशी गाडी उभी असताना एसी लावा आणि फॅनचा आवाज येतो का ऐका. दोन मिनिटं लागतात. आणि गॅरेजमध्ये कोणी "फॅन मोटर गेली" म्हणालं तर शांतपणे एवढंच विचारा, "दादा, रिले बदलून बघितला का?"